दोनशे छप्पन्न रंगांची वाटणी

"अहो, माझी केळी जांभळी झाली!"

सुगंधा किंचाळली, तसा शेजारच्या खुर्चीवर नुकताच टेकलेला तरुण दचकून उभाच राहिला. रावेरच्या शेतकऱ्याची ही लेक जळगावला धनसिंगभाऊंच्या चटईच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढायची. सकाळपासून जीव ओतून केळीची हिरवीगार पानं काढली होती, आणि या पाहुण्याने माऊस जरासा पडद्यावरच्या स्वतःच्या खिडकीत नेला, तर पानांचा हा अवतार!

"मी अभिमन... धुळ्याहून आलोय, विणकामाचा प्रोग्रॅम बसवायला," तो चाचरत म्हणाला. "तुमचं काही बिघडलं नाही. या पडद्याला एका वेळी दोनशे छप्पन्नच रंग दाखवता येतात. माझा प्रोग्रॅम आपले वेगळे रंग धरून बसतो. मी माझ्या खिडकीत गेलो, की तुमचे जातात."

"म्हणजे माझ्या ताटातलं तुम्ही ओढता?"

"तुम्हीही ओढताच की! तुम्ही परत आलात, की माझी वीण बघा कशी दिसते."

तिला हसू आवरेना. तिथेच सगळा घोटाळा झाला.

बाहेर मे महिना नुसता भाजून काढत होता. गारवा होता तो याच खोलीत, तोही माणसांसाठी नव्हे, त्या लाडक्या यंत्रासाठी. यंत्र एक, कामं दोन. दोघं खुर्चीला खुर्ची लावून बसायची. माऊस हलवण्याआधी तो विचारायचा, "जाऊ का?" ती मुद्दाम रेंगाळायची, "थांबा... अजून थोडं... हं, जा आता." त्याचा हात माऊसवर यायचा, तिचा निघायचा, आणि मधल्या त्या क्षणासाठी सुगंधा दिवसभर स्वतःला कामाला जुंपून घ्यायची.

मग रावेरहून तिच्या वडिलांचा, नानांचा फोन आला. रविवारी फैजपूरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. नानांना स्थळ पसंत होतं. तिला दुसरं काही सांगायचं असेल, तर ते त्याआधीच सांगायला हवं होतं.

तिने अभिमनला सांगून पाहिलं.

"मुलगा काय करतो?"

"केळीचे ट्रक आहेत त्यांचे."

"चांगलंय," तो म्हणाला आणि पडद्याकडे बघत बसला.

चांगलंय म्हणे! तिला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी ती आली, तर माऊस त्याच्या खिडकीत होता आणि तिची पानं तरीही हिरवीच. शेजारी त्याची पिशवी भरून तयार.

"दुरुस्त केलंत?"

"माझा प्रोग्रॅम थोड्या रंगांत भागवायला शिकवला. तेही सगळ्यांसाठी ठेवलेल्या रंगांतले. आता ओढाताण नाही. संध्याकाळच्या बसने निघतो."

"एवढं सोपं होतं?" तिचा आवाज चिरकला. "मग इतके दिवस का नाही केलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. "केलं असतं, तर तुमच्याजवळ बसायला निमित्त काय उरलं असतं?"

"आणि आज नको झालं निमित्त?"

"आज..." म्हणता म्हणता तो सरळ घरच्या अहिराणीवर आला. "बठ्ठा रंग तुम्हनाच शेतस, सुगंधा. मना जीवबी." मग घसा खाकरून म्हणाला, "चोरून किती दिवस बसायचं? राजरोस यायचंय मला. माझ्या आबांना घेऊन रावेरला येऊ, तुमच्या नानांकडे?"

सगळे रंग तिचेच, आणि त्याचा जीवही! सुगंधाचे डोळे भरून आले. पदराने टिपायला गेली आणि आठवलं, आज पंजाबी ड्रेस आहे. मग तिने बाहीनेच पुसले.

"कधी येणार?"

"रविवारी..."

"रविवारी फैजपूरचे येताहेत, ऐकलंत ना?" ती रागावून म्हणाली, पण ओठांवरचं हसू काही केल्या ऐकत नव्हतं. "उद्या या. शनिवार आहे. आणि सकाळच्याच गाडीने या, नाना दुपारी मळ्यात जातात!"