मेढीआडचा अबोला

"हलू नकोस गं वहिनी! श्वास घे... हां, आता ऐक!"

शेफालीने नळीची दोन्ही टोकं नूतनच्या कानांत अडकवली आणि ती गार चकती नूतनच्याच छातीवर दाबून धरली. भाकरी थापता थापता चुलीपुढून उठवलेली नूतन पिठाचे हात हवेत धरून अवघडून उभी राहिली... आणि मग तिला ते ऐकू आलं! धप्-धप्... धप्-धप्... आतून कुणी दार ठोठावावं तसं! आपण झोपलो, रडलो, राबलो, आणि हे बापडं सगळा वेळ आत चालूच होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही!

"अगंबाई! हे माझं हाय?"

"तुझंच! काळीज आहे ते तुझं!" शेफाली हसली. नर्सिंगच्या कॉलेजात जाऊ लागल्यापासून या पोरीच्या बोटांना कसली जादू आली होती कुणास ठाऊक! मनगट धरलं की तिला ताप कळायचा, डोळ्याची पापणी ओढून बघितली की अंगातलं रक्त किती ते कळायचं. नूतन आपल्या धाकट्या नणंदेकडे देव्हाऱ्याकडे बघावं तशी बघत राहिली. आणि एकदम ती चपापली. एवढं आतलं हिला ऐकू येत असेल, तर त्याच्याही आत मी जे दडवून ठेवलंय ते...? तिने घाईघाईने नळी कानातून काढली.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "ए मेढे, भाकरी जळतीया म्हणावं! आन त्या बाईला काळीज हाय, हे बरं झालं बाई नळी लावून कळलं. न्हाईतर कुणाचा इस्वास बसला असता?"

मेढ म्हणजे ओसरीच्या मधोमध घराचा भार पेलणारा लाकडी खांब. नूतनची सासू बाळाबाई गेली तीन वर्षं नूतनशी एक अक्षर बोलत नव्हती. जे सांगायचं ते मेढीला सांगायची! चहा हवा, मेढीला. म्हशीला पाणी दाखवायचंय, मेढीला. आणि नूतनही बिचारी मेढीकडे बघूनच, "व्हय, दाखवते," म्हणायची. वेल्ह्याच्या बाजारात, एसटीच्या थांब्यावर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "काय गं नूतन, तुझी मेढ काय म्हणती?" हसू देत बापड्या! सासूने मारलं तर सोसवतं, शिव्या दिल्या तर सोसवतं, पण समोर बसून लाकडाशी बोलते तेव्हा जीव कसा तीळ तीळ तुटतो, ते त्या हसणाऱ्यांना काय ठाऊक?

आणि अपराध काय होता तिचा?

शेफाली कॉलेजात दाखल झाली त्याच वर्षी सारोळ्याकडचं एक स्थळ चालून आलं. घर भरलेलं, मुलगा निर्व्यसनी. सासरे वारल्यापासून 'एकदा माझी पोर उजवली की मी सुटले' हा एकच घोष लावलेल्या बाळाबाईला आभाळ ठेंगणं झालं. सुपारी फुटायच्या दिवशी मुलाची आई पाणी प्यायच्या निमित्तानं आत आली आणि चुलीपाशी नूतनच्या कानाशी लागली. "कॉलेजाचं तेवढं मनावर घेऊ नका हां. बाहेर आमी व्हय म्हणलोय, पण आमच्यात सुना रातपाळीला जात न्हाईत. अक्षता पडल्या की पोरीची समजूत काढू."

नूतनच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिलाही एकदा सिस्टर व्हायचं होतं! बारावीला चांगले गुण पडले होते, पण त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं आणि ते स्वप्न माहेरच्या पेटीत राहून गेलं. सासूला, आत्याबाईंना, हे सांगावं? त्या म्हणतील, मग नको कॉलेज! शेफालीला सांगावं? आईच्या डोळ्यांत पाणी बघितलं की ती गुणी पोर पुस्तकं गुंडाळून बोहल्यावर उभी राहील! नूतनने पदर खोचला आणि हलक्या आवाजात पण ठाम सांगितलं, "मग हे जमायचं न्हाई, मावशी. पोर शिकणार हाय. तुमीच काय ते निमित्त सांगा आन उठा."

मंडळी उठली. आणलेला नारळ तसाच पिशवीत घालून गेली, आणि जाता जाता मध्यस्थाकडे निरोप ठेवून गेली की तुमच्याच सुनेनं आमचे कान भरले.

निवाड्यासाठी मेंगाईच्या देवळात भावकी जमली. बाळाबाईचा तेव्हाही सुनेवर विश्वास होता बरं का! तिने शपथेसाठी स्वतःच्या हाताने ताटात बेल ठेवला, भंडारा ठेवला, आणि म्हणाली, "उचल नूतन. म्या त्यास्नी काय बोलले न्हाई, येवढंच म्हण. लोकांची तोंडं बंद हुतील."

नूतनचा हात पुढे झाला... आणि थांबला! देवीसमोर बेलभंडारा उचलून खोटं बोलायचं? आणि खरं बोलावं तर उद्याच पोरीचं कॉलेज बंद! तिचा हात हळूहळू खाली आला. त्या खाली आलेल्या हाताचा अर्थ ज्याने त्याने लावून टाकला. हिला शिकायला मिळालं नाही, म्हणून हिला नणंदेचं बरं बघवलं नाही! त्या दिवसापासून बाळाबाई मेढीशी बोलू लागली. धनाजी, नूतनचा नवरा, टेम्पोवरून घरी आला तेव्हा त्याने एकदाच विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "विचारू नका." भला माणूस, त्याने पुन्हा विचारलं नाही. आणि नूतनने मनाशी गाठ मारली, पोरीच्या हातात शिक्षणाचा कागद पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

शेफालीसुद्धा वर्षभर घुम्यासारखी वागली. मग एक दिवस गळ्यात पडून म्हणाली, "जाऊ दे वहिनी, मी तुला माफ केलं." माफ केलं! नूतन त्या माफीने जेवढी रडली तेवढी आत्याबाईंच्या अबोल्यानेही रडली नव्हती.

आता हे शेवटचं वर्ष, म्हणून नूतन दिवस मोजत होती. पण भाकरी झाल्यावर, नळी गुंडाळत शेफालीने दुसरीच बातमी काढली. "आई, आमच्या कॉलेजचा विद्यापीठाशी करार झालाय! आता नुसती पदविका नाही, आणखी शिकले तर नर्सिंगची पदवी मिळणार. शिकवणार आमचंच कॉलेज, इथंच, कापूरहोळच्या पुढं. पण परीक्षा घेणार विद्यापीठ, आणि पदवीवर शिक्काही त्यांचाच!"

बाळाबाईने सुपारी कातरता कातरता विचार केला. "म्हंजे कॉलेज ह्ये माहेर आन इद्यापीठ ह्ये सासर म्हण की! वाढवायचं हितं, नाव लागायचं तिथलं."

"अगदी तसंच!" शेफाली खळखळून हसली. बाळाबाईला हे फार पटलं. हे लग्न मोडायला कुणी नव्हतं!

आणि चुलीपाशी नूतनने डोळे मिटून घेतले. पोरीचं शिक्षण लांबलं... म्हणजे मेढही लांबली. शेफालीने आत डोकावून विचारलं, "वहिनी, घेऊ ना गं मी पदवीला प्रवेश?" नूतन म्हणाली, "घेच! न्हाई घेतलास तर माझ्याशी बोलू नकोस." आणि वळून तिने जाळ सारला.

अखेर दोन वर्षांनी तो दिवस उगवला! पदवी घेणाऱ्या मुलींचा समारंभ. बाळाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, पिशवीत खण, तांदूळ आणि शेंडीचा नारळ घेऊन धनाजीच्या टेम्पोत बसली आणि त्याला म्हणाली, "इद्यापीठाकडनं कुणी बाई येणार हाईत न्हवं? मंग? लेकीच्या सासरची माणसं आली तर ईहिणीची ओटी भराया नको? रिकाम्या हातानं जाऊ व्हय?" शेफालीला हे आधी कळलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता. नूतन गालात हसली. वेल्ह्याचा डोंगर मागे पडला, नसरापूर गेलं, कापूरहोळच्या फाट्यावर टेम्पो भोर रस्त्याला वळला.

सभागृहात बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. सासू-सुनेला नेमकी शेजारशेजारची जागा मिळाली, आणि पुढ्यात एक सिमेंटचा खांब! बाळाबाईची काय सोय झाली म्हणता! तिने लगेच खांबाकडे तोंड केलं. "सासरचं माणूस कंचं म्हणावं?"

"त्या पुढल्या, पांढऱ्या केसांच्या बाई," नूतनने खांबाला सांगितलं.

मग पडदे ओढले गेले. भरदिवसा अंधार झाला. आणि त्या अंधारात एक दिवा लागला... त्याच्यावरून दुसरा... तिसरा... पांढऱ्या शुभ्र कपड्यांतल्या मुलींची रांगच्या रांग हातात दिवे घेऊन चालत आली. शिक्षण संपवून निघालेल्या मुली नव्या मुलींचे दिवे पेटवून देत होत्या. ही आपली शेफाली? शेळीमागे अनवाणी पळणारी, नाक पुसायला माझा पदर ओढणारी? दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा असा काही दिसत होता की हिला 'अगं' म्हणावं की हात जोडावेत! नूतनच्या अंगावर सरसरून काटा आला, डोळे घळाघळा वाहू लागले.

"आता सर्व विद्यार्थिनी दिव्याच्या साक्षीनं शपथ घेतील," कुणीतरी मोठ्याने सांगितलं.

बाळाबाई ताडकन उठायलाच लागली. तिच्या उभ्या आयुष्यात शपथ घ्यायला लावतात ती आळ आलेल्या माणसाला! तिने घाबरून हात टाकला तो खांबाकडे नाही, तर नूतनच्या मनगटावर. "नूतन! अगं ए नूतन! शपथ का घालत्यात माझ्या लेकराला? काय केलंय तिनं? कुणाचं काय गेलंय?"

नूतन! इतक्या वर्षांनी आपलं नाव त्या तोंडून! नूतनला वाटलं, आपलं काळीज सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल.

"आत्याबाई, घाबरू नका. ही आळाची शपथ न्हाई. पुढं खरं वागायचंय, म्हणून आधीच घेत्यात. ऐका तुमी."

मुलींचा एकत्र आवाज घुमला. दुखणाऱ्याला अंतर देणार नाही... कुणाच्या घरातलं, कुणाच्या मनातलं जे कळेल ते ओठांबाहेर जाऊ देणार नाही... बाळाबाई मान पुढे काढून ऐकत होती. तिचा हात मात्र सुनेच्या मनगटावरून निघाला नव्हता. मग, दिव्यांवरची नजर न काढता, ती पुटपुटली, "येवढ्या येवढ्या पोरी शपथ घेत्यात. मंग तवा तू का न्हाई उचललास गं बेलभंडारा?"

नूतनने व्यासपीठाकडे बघितलं. नावं पुकारायला नुकतीच सुरुवात झाली होती. "थांबा आत्याबाई... तिचं नाव होऊ द्या."

"आता कशाला थांबायचं?"

"इतकी वर्षं थांबले. आता जरा तुमी थांबा."

शेफालीचं नाव आलं. पांढऱ्या केसांच्या बाईंनी पदवी तिच्या हातात ठेवली. पलीकडून धनाजीने अशा काही टाळ्या वाजवल्या की लोक वळून बघू लागले. आणि त्या टाळ्यांतच नूतनने सासूच्या कानाशी तोंड नेलं. चुलीपाशी काय बोलणं झालं, मुलाची आई काय म्हणाली, आपण काय उत्तर दिलं... सगळं सगळं सांगून टाकलं. "म्या बोलले हुते, आत्याबाई. मंग देवीम्होरं न्हाई कसं म्हणू?"

बाळाबाईने मनगटावरची पकड घट्ट केली. "आन मला सांगितलं असतंस तर?"

"तर तुमी कॉलेज सोडवलं असतं."

म्हातारीने समोर पाहिलं. तिची लेक पदवी छातीशी धरून पायऱ्या उतरत होती. बाळाबाई खोटं बोलली नाही. "व्हय," ती म्हणाली. "सोडवलं असतं."

पडदे उघडले. शेफाली धावत आली, आईच्या पाया पडली, वहिनीच्या पाया पडली आणि पिशवीतला नारळ बघून हबकली. "आई! हे काय आणलंयस? बाईंची ओटी? बरं... चल, भेटवते. त्या रागावणार नाहीत."

"त्यांची न्हाई." बाळाबाई उठून नूतनसमोर उभी राहिली. "पदर पसर."

"आत्याबाई, अहो..."

"पसर म्हणते न्हवं! पोरीला पोटात वाढवली म्या, पण तिला शिकू दिलं तू, माझा अबोला सोसून! हा मान दुसऱ्या कुणाला देऊ?" तांदूळ, खण, नारळ नूतनच्या पदरात पडले आणि त्यावर म्हाताऱ्या डोळ्यांतलं पाणी टपटप पडलं. "म्या लाकडाशी बोलत बसले गं... माणूस सोडून लाकडाशी!"

"आई, तू वहिनीशी बोलतेयस?" शेफाली बघतच राहिली. "काय झालं? वहिनी, काय झालं सांग ना!"

"सांगीन घरी गेल्यावर. समदं सांगीन. तू हिला माफ केलं हुतंस न्हवं? हिची माफी मागायचीय आपुन दोघींनी." बाळाबाईने लुगड्याच्या पदराने नाक पुसलं आणि लेकीच्या खिशाकडे बोट केलं. "तुझी ती नळी काढ आधी. घाल माझ्या कानात."

शेफालीने काही न कळून नळीची चकती वहिनीच्या छातीवर टेकवली आणि टोकं आईच्या कानांत घातली. भोवती लोक फोटो काढत होते, कुणी पेढे वाटत होतं. बाळाबाईने हाताने सगळ्यांना गप्प केलं.

"लई जोरात वाजतंय गं," ती हळूच म्हणाली.

"तुमी नावानं हाक मारलीत म्हणून," नूतन म्हणाली, आणि तिने पदरातला नारळ सावरून धरला.

"नूतन," बाळाबाई म्हणाली. "नूतन... नूतन..." आणि त्या सिमेंटच्या खांबाकडे पाठ करून, डोळे मिटून, ती ऐकत उभी राहिली.