बिल्ला नंबर सदतीस

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीची घंटा वाजली. आग नव्हती, सराव होता. साल १९८३.

बायका तान्ही मुलं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून कामाला बसत. आग लागली तर ती बाहेर कशी काढायची, हे बंबावरच्या जवानांना शिकवायला नर्स कल्याणी आली होती. पहिला जवान बाहेर आला तो पोर खांद्यावर टाकून.

"पोतं नव्हे ते," कल्याणी म्हणाली.

"मग कसं धरायचं... शिकवा की."

तो भरमू. तिनं त्याचा तळवा बाळाच्या मानेखाली ठेवला. हात तिथंच राहिले — दोघांचेही, जरा जास्त वेळ.

सराव मात्र फसला. आपलं मूल कुठं ते न कळून आया उलट आत धावल्या. म्हणून कल्याणीनं नियम केला: आईच्या हजेरीच्या बिल्ल्याचा नंबर पट्टीवर लिहून बाळाच्या मनगटाला बांधायचा आणि रोज यादीत टिपायचा. यादीत नंबर नसेल तर शेडमध्ये मूल घ्यायचं नाही. सराव दर मंगळवारी.

तिसऱ्या मंगळवारी भरमूनं विचारलं, आमच्या आक्काला तुमच्या घरी मागणी घालायला पाठवू का. आधी सहा मिनिटांत सगळी बाहेर काढून दाखवा, ती हसून म्हणाली. पुढच्या खेपेला त्यांनी पाचात काढली. तरी हो न म्हणता ती घड्याळाला किल्ली देत राहिली. वडिलांपुढं हे नाव कसं काढायचं, तेच तिला सुचत नव्हतं.

मग एका बुधवारी, दुपारी सव्वातीनला, घंटा वाजली. या वेळी आग खरी होती; बंबामागोमाग दवाखान्याच्या व्हॅनमधून कल्याणीही पोचली.

चौदा मुलं अंगणातल्या चिंचेखाली आली. यादीत चौदा. सगळी आली, असं कल्याणीनं सांगितलंही. तेवढ्यात वखारीतल्या सुलाबाईनं तिचा हात धरला.

"बाई, माजं आत हाय वो... तंबाखूच्या चाळणीमागं."

तिच्या जोडीची तानुबाई तापानं पडली होती. तिची हजेरी बुडू नये म्हणून सुलाबाई आज तिच्या बिल्ल्यावर, सदतीस नंबरवर, बसली होती. अशी अदलाबदल तिथं नेहमीची. सदतीसपुढं यादीत मूल नव्हतं. शेडमध्ये घेणार नाहीत म्हणून तिनं बाळ वखारीतच निजवलं होतं.

नियम कल्याणीचा. ती आत निघाली, भरमूनं अडवलं. ओला पंचा त्यानं तोंडाला बांधला होता.

"तुम्ही हितंच थांबा. बाळाला तुम्ही लागणार."

तो चार मिनिटांनी भिंत धरत बाहेर आला. बाळ निळं पडलेलं. व्हॅनमधला ऑक्सिजनचा मास्क मोठ्या माणसाचा. बाळाच्या तोंडावर बसेना. कल्याणीनं बाळाचं नाक-तोंड ओठांत घेतलं, गालात मावेल एवढीच हवा फुंकली... पुन्हा... पुन्हा. सातव्या फुंकरीला ते रडलं. मागं भरमू खाली बसला होता. त्याचा खोकला थांबत नव्हता.

दोघांना कोल्हापूरला न्यायचं ठरलं. व्हॅनचं दार लावताना ती आत वाकली.

"आक्काला पाठवा. मी आजच घरी सांगते."

त्यानं मास्क बाजूला केला. "लई उशीर केलासा..."

सहा वाजता तिनं वडिलांना सांगितलं. मग ती दवाखान्यात परतली.

सात वाजून आठ मिनिटांनी दवाखान्यात कोल्हापूरहून ट्रंककॉल आला. बाळ दूध प्यायलं होतं. भरमूचं विचारल्यावर, ऑक्सिजन चालू आहे, सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही, असं कळवण्यात आलं.

कल्याणीनं फोन ठेवला. बाहेरच्या बाकावर आक्का येऊन बसली होती. ती सरकली आणि तिनं कल्याणीला जागा करून दिली.