फरशीच्या पाठीवरच्या गाठी

"आजोबा, थांबा! भूमित्र म्हणतोय, ते डायनासोरचं पाऊल आहे!"

वेणू इतक्या जोरात किंचाळली, की धोंडूआजोबांचा हातोडा हवेतच थबकला. तिच्यामागून सहा पायांचा भूमित्र लगबगीने आला. विद्यापीठाने गावातले दगड तपासायला पाठवलेला हा यंत्रमानव दोन दिवस वेणूच्या मागेमागे हिंडत होता.

आजोबा पाथरवट. फरशीची गुळगुळीत बाजू वर ठेवायची आणि पाठीवरच्या गाठी तासून टाकायच्या, नाहीतर फरशी डुगडुगते, हा त्यांचा पन्नास वर्षांचा शिरस्ता. खाण गेल्या साली संपली होती. समोरची फरशी शेवटची, आणि तिच्या पाठीवर तीन बोटांची गाठ होती.

"पाऊल खोल उमटतं गं! असं फुगतं होय?" आजोबा हसले.

"कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे त्रिभुज प्रदेश (नदी समुद्राला मिळते तिथे गाळ साचून झालेली जमीन) होता," भूमित्र म्हणाला. "डायनासोर ओल्या चिखलातून चालला. खड्डे पडले, उन्हात सुकले. मग पुराने त्यांत वाळू भरली. थरावर थर चढले आणि दाबाने त्यांचा दगड झाला. खालचा चिखलाचा ठिसूळ थर खाणीत गळून पडतो. वाळूच्या दगडावर मात्र खड्ड्याचा आकार उरतो."

"मोदकाच्या साच्यासारखा!" वेणू म्हणाली. "साचा खोलगट, मोदक फुगीर!"

आजोबा मटकन खाली बसले. "अशा शेकडो गाठी तासल्या मी. ह्याच हातांनी..."

वेणूला रडू फुटलं. त्यात भूमित्र म्हणाला, "एका पावलावरून प्राणी कसा चालला ते कळत नाही. पावलांची ओळच हवी."

आजोबा ताडकन उठले. "आपल्या घरातल्या फरश्या! त्या कुठे तासल्यात? गिऱ्हाइकाचं काम आधी, घरचं कसंतरी उरकलेलं. गाठी मातीत दाबल्या नि सांधे जुळावेत म्हणून खाणीतल्याच ओळीने बसवल्या!"

भूमित्रने घरातल्या जमिनीत लहरी सोडल्या. त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर चुलीपासून दारापर्यंत तीन बोटांची पावलं उमटली. शेजारी तशीच, पण इवली इवली.

वेणूने इवल्या पावलांवर बोट ठेवलं. "माझ्या अंथरुणाखालून पिल्लू गेलंय! आईबरोबर!"

आजोबांनी छिन्नी फडक्यात गुंडाळून ठेवली.

"उद्यापासून सगळ्या फरश्या उलटू. पाठ वर."

"पण आजोबा, डुगडुगतील ना!"

"डुगडुगू देत," आजोबा म्हणाले.