यशोधरेचे उत्तर

कुसगावच्या सेवा केंद्रात प्रितम प्रथम आला, तो उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. परंदवडीच्या कारखान्यातून पावसात निथळत आलेला हा तरुण संगणकापाशी बसलेल्या यशोधरेकडे पाहतच राहिला. जन्मापासूनच्या सेरेब्रल पाल्सीमुळे तिचा उजवा हात आखडलेला, वाणीही संथ होती. परंतु डाव्या हाताची बोटे कळफलकावर डौलाने फिरत होती.

“आपली... जन्म...”

“तारीख ना? घ्या लिहून!”

“घाई... तुम्हाला आहे. मला... नाही,” ती म्हणाली, आणि तिच्या गालावर खळी उमटली.

त्या खळीपायी प्रितम दर आठवड्यास नवा दाखला काढू लागला. रहिवासाचा, जातीचा, वयाचा...

“आता फक्त... मृत्यूचा उरला,” ती मिस्कीलपणे म्हणाली.

“त्यो तुमी न्हाई म्हणल्यावर काढू!”

पुढे सायंकाळी ती त्याला मागे दोन जोडचाके लावलेल्या आपल्या स्कूटरवरून भुशी धरणाकडे नेऊ लागली.

“हळू... लय वळणं हायेत! धरू तरी कुटं?”

“खांदा... रिकामा आहे,” ती म्हणाली— आणि स्वतःच लाजली.

एके रविवारी प्रितमची आई आक्काबाई त्याच्यासह यशोधरेच्या घरी मुलगी पाहावयास आली. तिने मायेने विचारले, “पोरी, लगीन झाल्यावर नोकरी करणार व्हय?”

यशोधरेचे ओठ हलले. शब्द यावयाचा होता... तोच प्रितम उत्तरला, “न्हाई गं आई! मी तिला कायबी करू देणार न्हाई. घरी बसून नुसता आराम!”

यशोधरेने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“तुमच्या आईंनी... मला विचारलं होतं. तुम्ही... जा, प्रितम.”

नऊ दिवस तिने त्याचा फोन घेतला नाही. दहाव्या दिवशी तो केंद्राच्या रांगेत उभा राहिला. हाती एकही कागद नव्हता.

“काय... काम?”

“माझं चुकलं. आईला तुमचं उत्तर पायजे. मलाबी.”

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिले.

“नोकरी... मी... सो...”

पुढचा शब्द प्रितमच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. रांगेत कोणी खोकले. तो थांबला—

“...सोडणार नाही. आणि... तु... तुम्हालाही.”

प्रितमचे डोळे भरून आले. तेवढ्यात रांगेत त्याच्या मागे उभी असलेली गावातली शालनमावशी म्हणाली, “ठरलं ना तुमचं? मग माजं रेशनकार्ड बघ की गं आता!”

आरक्त मुखाने यशोधरा कळफलकाकडे वळली.