एकोणीस नंबर

बसा रे जवळ. मोबाईल खाली ठेवा. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या एका कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याची. खरी आहे असं तो म्हणतो. मी जन्मभर लोकांकडे पुरावे मागत आलो, त्यामुळे सांगताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतं. पण एक कागद आहे माझ्याकडे. तो शेवटी दाखवतो.

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. शटर ओढता ओढता त्याला फोन आला, मशीन फार हळू चालतंय, आत्ताच या. घर दोन गल्ल्या पलीकडे. घरातल्या सुनेनं दार उघडलं आणि नवऱ्याच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"दहा वर्षांचं आहे," नवरा म्हणाला. "अगदी आमच्या बाबांवर गेलंय. हाक मारा, अर्ध्या तासानं ओ देतं."

बाबा शेजारच्या खोलीत होते. निवृत्त मास्तर. चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गाची हजेरी घेत होते. "सात, सुताराचा, हजर. आठ, डावखुरा, हजर..."

"रोज?"

"रोज रात्री. चाळीस पोरं. एकोणिसावा मी. घरी बाप, वर्गात बाप. अजून सुटका नाही."

दुरुस्तीवाल्यानं सेटिंग उघडलं. मशीनची स्वतःची मेमरी भरली की ते डिस्कवरची थोडी जागा उसनी घेतं. त्या जागेचा आकडा वाढवला की जुनं मशीनही जरा पळतं. त्यानं आकडा वाढवला. ओके दाबलं. स्क्रीन झपकन उघडली.

शेजारी आवाज थांबला. "नऊ... नऊ कोण?"

त्यानं आकडा कमी केला.

"नऊ, चष्मेवाला, हजर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. योगायोग असेल म्हणून त्यानं पुन्हा वाढवला.

"दहा... दहा कोण रे?"

त्यानं माऊसवरचा हात काढला. "राहू द्या साहेब. उद्या मेमरीची नवी पट्टी टाकू."

"सरका," मुलगा म्हणाला. माऊस त्यानंच घेतला. "आज मी झोपणार."

आकडा चढला. हजेरीतला बारा नंबर गेला. पंधरा गेला. म्हातारा भिंतीला धरत दारापर्यंत आला. अठरा गेला.

"एकोणीस..."

"बोला ना, बाबा. एकोणीस कोण?"

"माझा... माझाच आहे तो... थांब जरा... सांगतो..."

मुलानं सगळ्यात मोठा आकडा टाकला. ओके.

...

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "आपण कोण?"

मुलगा टाळी वाजवून हसला. "बघा! कसं पळतंय!"

दुरुस्तीवाल्यानं पावतीवर त्याची सही घेतली आणि निघाला. आकडा कमी करता आला असता की नाही? आला असता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "गिऱ्हाईक खूश होतं." मी त्याला फार बोललो. मग वाटलं, मी तरी काय केलं असतं? मीही बहुधा सहीच घेतली असती.

रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी आकडा परत खाली आणायला गेला. सुनेनं दार उघडलं.

"कोण हवंय?"

"तुमचे मिस्टर."

"कोणाचे?" ती हसली. "घरात आम्ही दोघंच. मी आणि माझे सासरे."

हसू थांबलं. "सासरे..." ती पुन्हा म्हणाली. हळू. पायरी आहे असं समजून पाय टाकावा, आणि पायरी नसावी, तसं. "सासरे म्हणजे... माझे..."

तिनं दार लावून घेतलं.

आतून म्हाताऱ्याचा आवाज येत होता. खणखणीत. रात्री गेलेले नंबर परत आले होते. "सतरा, हजर. अठरा, हजर. वीस, हजर..."

ही ती पावती. घ्या, उजेडात धरा. खाली 'गिऱ्हाइकाची सही' छापलंय ना? निळ्या पेनानं सही केली होती त्यानं, दुरुस्तीवाल्यासमोर.

आता तिथे निळं काही नाही. लाल शाईत, मास्तरांच्या गोल अक्षरात, एकच शब्द आहे.

गैरहजर.