चपला फाटकाबाहेर

"निहाऽऽर! श्रुतिकाऽऽ! खाली येताय ना?"

गंधालीने मान वर करून पुन्हा हाक मारली. एवढी उंच इमारत, पण एकही खिडकी उघडली नाही. घाटकोपरची त्यांची चाळ पाडून तिथेच ही इमारत उभी राहिली होती. चाळीत सुट्टी लागली की हाक मारायच्या आधीच पोरं अंगणात हजर! शेजारी अजून तेच होते, पण अंगणाच्या जागी प्लास्टिकच्या हिरव्यागार गवताची बाग आली होती आणि त्या बागेत गंधाली एकटी होती. रोज एकटी. तिला अगदी रडू यायचं.

"हल्लीच्या पोरांना मोबाइल पुरतो," फेरी मारायला आलेले मधुकरकाका म्हणाले. ते सोसायटीचे अध्यक्ष आणि बाग त्यांच्याच हौसेची. "तुम्ही येतच नाही, तर बदामाखालचा मातीचा कोपराही कशाला ठेवायचा? एक मेची पूजा झाली की फरशी टाकू, गाड्या लावू."

चाळीतलं तेवढं एकच झाड उरलं होतं. ती घराकडे पळत सुटली आणि चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी पाय गवतावर पडला मात्र, ती किंचाळलीच. गवत कसलं, तापलेला तवा!

ती तडक निहारच्या घरी गेली. श्रुतिकाही तिथेच होती.

"म्हणून तुम्ही येत नाही?"

"मग काय! पडलं की गुडघे भाजतात, बसायची तर सोयच नाही," निहार म्हणाला. "आईला सांगितलं, तर म्हणते, आम्ही रोज फिरतो, काही गरम नाही."

"ते चपला घालून फिरतात रे."

तिघांनी खाली जाऊन तळहात टेकवून पाहिले. गवत भाजत होतं, कडेची फरशी भाजत होती. बदामाखालची माती मात्र गार होती. गंधाली तिथेच बसून विचार करू लागली.

संध्याकाळी तिने साळसूदपणे विचारलं, "काका, यंदा महाराष्ट्र दिनाचा सत्यनारायण बागेत करू या? तुमची बाग सगळे बघतील ना."

काकांची छाती फुगली. "झकास कल्पना!"

एक मेला ऊन चढल्यावर सगळी सोसायटी नटूनथटून बागेत आली. निहार फाटकातच उभा होता.

"चपला इथे काढा हं. देवाचं काम आहे."

याला कोण नाही म्हणणार? सोवळं नेसलेले काका ऐटीत पुढे निघाले आणि चार पावलांत उड्या मारू लागले. "अरे, वाट लागली पायांची!"

"काका, इकडून या!" श्रुतिका ओरडली. बदामापर्यंत पोरांनी ओली गोणपाटं अंथरली होती. सगळे धावतपळत सावलीत पोचले. जयंतीआजी मातीत बसल्या आणि त्यांनी पाय पसरले. "चाळीत आपण इथेच बसायचो की गं."

गुरुजी आले तेव्हा कुणीच उठायला तयार नव्हतं. पाट बदामाखालीच मांडला.

"दरवर्षी ऊन वाढतंय आणि मी जमिनीला प्लास्टिक नेसवलं," आरतीनंतर काका ओशाळून म्हणाले. "गवत काढू, झाडं लावू. फरशी रद्द! पोरी, अध्यक्षाला नाचवलंस, पण शहाणं केलंस."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गवताच्या गुंडाळ्या गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी गंधाली जेवत होती. खालून आवाज आला.

"गंधालीऽऽ! खाली येतेस ना?"

"अगं, ओ तरी दे," आई म्हणाली.

गंधालीने मुद्दामच ओ दिली नाही. ती हाक तिला आणखी एकदा ऐकायची होती.