शुक्रवारच्या तासाची एकोणीस पुस्तकं

धुळ्यात खासगी तपासाचं काम म्हणजे स्थळांची चौकशी. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे ठरलं होतं का. पुनम भामरे त्याला विटली होती. म्हणून पारोळ्याच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका दिपमालाबाईंचा फोन येताच ती निघाली, आणि पोचल्यावर पंधरा मिनिटांत वैतागली.

शाळेच्या ग्रंथालयातून एकोणीस पुस्तकं गेली होती. मुख्याध्यापकांनी चोर ठरवूनही टाकला होता: मदतनीस धुरपदाबाई. कपाटाची किल्ली तिच्याकडे, मग दुसरं कोण? उद्या शनिवारी शाळा समिती तिला कामावरून काढणार होती.

"मग बरोबरच आहे," लोटन म्हणाला. हा पुनमचा आतेभाऊ मोटरसायकल चालवायचा आणि मतं द्यायचा. त्यातलं पहिलं त्याला बरं जमायचं.

धुरपदाबाई एवढंच म्हणाली, "माले वाचता येत नही. पुस्तकं लिसन मी काय करू?"

किती गेली आणि कधी गेली, हे मुख्याध्यापकांना सांगता येईना. ग्रंथालयात ते कधी फिरकतच नव्हते. शेवटी दिपमालाबाईंनी वही काढली. दर शुक्रवारी वाचन तासाच्या आधी त्या पुस्तकं मोजत, आणि तास संपला की पुन्हा. तूट यायची ती दुसऱ्या मोजणीत. त्या वेळी धुरपदाबाई मागच्या अंगणात खिचडीची ताटं घासत असायची.

"हे मुख्याध्यापकांना सांगितलं नाही?" पुनमनं विचारलं.

"तीनदा सांगितलं."

पुनमनं कपाळावर हात मारून घेतला.

गेलेली पुस्तकं, बाईंनी सांगितलं, सगळी पहिलीची, चित्रांच्या गोष्टींची, हाताळून कोपरे फुगलेली होती. शेजारचे कोरे जाडजूड कोश जागच्या जागी होते.

आज शुक्रवारच होता. तास भरला. सतरंजीवर तीस पोरं बसली. एकेक बोट जिभेला लागत होतं आणि पान उलटत होतं. खिडकीशी खुर्चीवर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन जवरीलालशेठ बसले होते. पत्नी पानबाईंच्या स्मरणार्थ ही सगळी पुस्तकं त्यांनीच दिली होती, आणि दर शुक्रवारी ती वाचली जाताना बघायला ते यायचे. खाली पडलेलं एक पुस्तक त्यांनी उचललं, कपाळाला लावलं आणि रुमालानं पान न् पान पुसलं.

टेबलावर वाटीत ओला स्पंज होता, पोस्टात बोटं भिजवायला असतो तसा. दोन पोरं तो एकमेकांच्या मानेवर पिळत होती.

"शेठजी दर आठवड्याला नवा आणतात," दिपमालाबाई म्हणाल्या, "आणि दर आठवड्याला त्याचं हेच होतं."

लोटनचा संशय आता पोरांच्या दप्तरांवर गेला. दप्तरं वर्गातच राहतात, असं बाईंनी त्याला सांगितलं.

तास संपला, पोरं वर्गात गेली. पुनमनं मुख्याध्यापकांना आणि धुरपदाबाईला बोलावून घेतलं.

"शेठजी, आज किती घेतली?"

"अगं, त्यांनीच दिली आणि त्यांनीच चोरायची?" लोटन म्हणाला.

"किल्लीवाल्याला सगळे दिवस मोकळे आहेत, तो शुक्रवारच्या तासाची वाट बघत बसणार नाही. तासाला पोरं, बाई आणि शेठजी एवढेच असतात. पोरांची दप्तरं इथे नसतात. बाईंना लपवायचं असतं तर त्या दोनदा मोजत बसल्या नसत्या. पिशवी एकाचीच आहे. आणि गेली ती फक्त थुंकीनं फुगलेली पुस्तकं. थुंकी कुणाला सोसत नाही? स्पंज आणणाऱ्याला."

जवरीलालनी पिशवी उघडली. आत दोन पुस्तकं होती.

"आम्हा जैनांत याला ज्ञानाची आशातना म्हणतात, ज्ञानाचा अवमान. अक्षराला उष्टं लागलं की दोष लागतो, आणि दान तर पानबाईच्या नावाचं. बाकीची घरी पुसून जपून ठेवलीत."

"धुरपदाबाईंवर आळ आला, ते माहीत होतं?"

"होतं," ते हळूच म्हणाले. "मी गप्प बसलो."

पुनमला राग आवरेना. "अक्षराला थुंकी लागू दिली नाहीत. या बाईवर अख्खी शाळा थुंकत होती, ते चाललं?"

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. शेठ उठले आणि धुरपदाबाईपुढे हात जोडून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडं. क्षमा करा."

"माले काय सांगतस शेठ?" ती म्हणाली. "मन्ही नात याच वर्गात शे. चार दिन व्हयनात, मन्हा हातनं खात नही. तिले सांगा."

पोरांना परत सतरंजीवर बसवलं. जवरीलाल या वेळी खुर्चीवर बसले नाहीत. पुस्तकं मी नेली, धुरपदाबाईंनी नाही, असं त्यांनी उभ्यानं सांगितलं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "मग चोर तुम्ही?"

"हो," जवरीलाल म्हणाले.

मुलगी तडक आजीकडे गेली.